पाण्याची साक्ष

गावंडे सरांच्या शोकसभेत चार वक्ते बोलले आणि सर फार गोड स्वभावाचे होते, असं चौघांनीही सांगितलं. माझ्या शेजारी आमच्या प्रयोगशाळेतले निवृत्त शिपाई पांडुरंगजी बसले होते. ते माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "भाऊ, आपण दुसऱ्याच गावंड्याच्या सभेले त नाही येऊन बसलो?"

मी समोरचा फोटो पुन्हा पाहिला. फोटो सरांचाच होता. कपाळावर तीन आठ्या, मिटलेले ओठ, आणि फोटो काढणाऱ्यावरच संशय असल्यासारखी नजर. चौथे वक्ते म्हणजे आमचे त्या वेळचे साहेब. त्यांनी चष्मा पुसत सांगितलं, की गावंडे सरांनी सत्यासाठी कधी तडजोड केली नाही आणि त्या कठीण काळात आपण त्यांच्या पाठीशी होतो. पाठीशी होते हे खरं आहे. हात धुऊन होते, एवढंच सांगायचं राहिलं.

अकोल्याच्या त्या प्रयोगशाळेत मी कारकून होतो. आलेल्या नमुन्यांची नोंद करायची, निघालेले अहवाल टाइप करायचे, हे माझं काम. नमुने मांसाचे असत. पोलीस, अन्नाचे निरीक्षक, जंगल खातं, जो तो डब्यांना लाखेची मोहर लावून पाठवी आणि विचारी, की हे कोणत्या जनावराचं? मांस एकदा कापलं, शिजवलं, मसाल्यात घोळलं, की भल्याभल्यांना ते ओळखता येत नाही. पण त्याच्या कणाकणात त्या जनावराचा डीएनए असतो आणि तो तर्रीत उकळूनसुद्धा पुरता मरत नाही. त्याला बोलतं करायचं काम गावंडे सरांचं.

या माणसानं जन्मात मांस खाल्लं नव्हतं. चांदूर बाजारकडच्या भाजीपाला पिकवणाऱ्या घरातले ते. घरात तीन पिढ्या अंडंसुद्धा आलेलं नाही. आणि नोकरीची तीस वर्षं ते चिमट्यानं मांसाचे तुकडे उचलत होते. मी एकदा विचारलं, "सर, तुम्हाला किळस नाही येत?"

"सोनार काय सोनं खाते?" सर म्हणाले.

आम्ही दोघंही अमरावतीचे. ते राजापेठेत राहत, मी त्यांच्यापासून चार गल्ल्या पलीकडे. रोज बडनेऱ्याहून गाडीनं अकोल्याला जायचं आणि संध्याकाळी परत, हा आमचा बारा वर्षांचा क्रम. गाडीत सर डबा उघडत. डब्याच्या प्रत्येक पुडावर चिठ्ठी चिकटवलेली असे: 'पोळी. सकाळी सहा.' 'वांगं. घरचं.' 'लोणचं. मागच्या वर्षीचं.'

"सर, डबा तुमचा, घर तुमचं, वहिनींनी भरलेला. चिठ्ठी कशाला?"

"तुमचा डबा बाजूले आहे ना? अदलाबदल व्हायले दोनच डबे पुरते."

भाजीबाजारात त्यांच्याबरोबर जाणं ही शिक्षा होती. बाई म्हणायची, "घ्या ना सर, गावरान टमाटे आहे." सर विचारायचे, "कोण म्हणते?" ती म्हणायची, "आता बाप्पा! मी म्हणून राहिली ना." मग सर शांतपणे सांगायचे, "तुमी विकून राहिल्या, बाई. दुसरं कोण म्हणते?" बाया त्यांना लांबून ओळखायच्या आणि पाट्यांवर फडकं टाकायच्या. गाडीतले रोजचे प्रवासी मुद्दाम विचारत, "सर, मूर्तिजापूरच्या त्या ढाब्यावर खरंच बकराच असते काय हो?" यावर सरांचं एकच उत्तर ठरलेलं होतं. "नमुना आणा. सीलबंद. दोन पंचांच्या सह्या पायजे."

त्यांच्या कामातली एक गोष्ट मात्र इथं नीट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे. नमुन्यातून डीएनए काढायचा, छोट्या छोट्या नळ्यांत भरायचा, नळ्या यंत्रात ठेवायच्या. यंत्र त्या डीएनएच्या लाखो प्रती करतं. मग गाईची, म्हशीची, बकऱ्याची अशी ज्याची त्याची रेघ उजेडाखाली चमकते. या नळ्यांच्या रांगेत सर शेवटी एक नळी ठेवत, जिच्यात मांस नाही, काही नाही, नुसतं पाणी. बाकी रसायनं तीच, हात तेच, यंत्र तेच. तिच्यात काही चमकता कामा नये. चमकलं, तर घाण आपल्याच घरातली आहे असं समजायचं आणि सगळी रांग फेकून द्यायची. पुस्तकात तिला काहीतरी भारदस्त नाव आहे. सर तिला 'साक्षीदार' म्हणत.

"कोर्टात काय होते," ते सांगत, "ज्यानं पायलं त्याले साक्षीले बलावते. आपल्या इथं उलटं आहे. ज्यानं काहीच नाही पायलं, त्याची साक्ष पयले."

त्या रेघांचा फोटो हातात आला, की आम्ही सगळे नमुन्यांच्या रेघा बघायला झुकायचो. सर आधी शेवटच्या, पाण्याच्या नळीच्या रिकाम्या जागेकडे बघायचे. तिथला काळोख बघून त्यांच्या कपाळावरची एक आठी कमी व्हायची. यापेक्षा जास्त आनंद त्यांना झालेला मी पाहिला नाही.

त्यांच्या कामामुळे माणसं बुडाली, तशी तरलीही. पण तरलेल्यांपैकी एकजण त्यांच्यावर जन्मभर रुसला. वरूडकडचे एक संत्र्याचे मोठे बागायतदार. त्यांनी बागेत पार्टी दिली आणि पाहुण्यांना मिशीवर हात फिरवून सांगितलं, की आज सांबर आहे. पाहुण्यांपैकी कुणीतरी जंगल खात्याला कळवलं. पातेलं जप्त झालं, नमुना आमच्याकडे आला. सांबराच्या शिकारीला तुरुंग आहे, त्यामुळे बागायतदारांचे वकील घाबरले होते. सरांनी तपासलं. निव्वळ बकरा.

निर्दोष सुटलेला माणूस पेढे घेऊन येतो. हे हातपाय आपटत आले. "सर, तुमी हे काय करून ठेवलं?"

"सुटले ना तुमी?"

"सुटलो, पण सोयऱ्यायत तोंड दाखवायले जागा राहिली नाही! पाच वर्षांपासून मी सांबर म्हणून खाऊ घालून राहिलो लोकायले. आता ज्याले त्याले मागचे सगळे जेवणं आठवून राहिले."

"मंग मागचे पातेले ठेवले असतीन त आणा," सर म्हणाले. "तपासून देतो."

अशानं त्यांना कुणी मित्र उरला नाही, हे वेगळं सांगायला नको.

त्यांच्या निवृत्तीला चार-पाच महिने राहिले होते, तेव्हा प्रयोगशाळेत नवीन यंत्र आलं. जुनं यंत्र चाललं की जात्यासारखा आवाज यायचा, नवीन अगदी मुकं होतं. पण सरकारी यंत्राला फीत कापल्याशिवाय वीज चढत नाही. साहेबांनी मोठे पाहुणे ठरवले, मांडव घातला, पत्रिका छापल्या. दिवस असा निवडला, की त्या दिवशी सर अमरावतीच्या कोर्टात साक्षीला गेलेले असतील. पंचांग साहेबांनी पाहिलं असेल. सरांच्या दौऱ्याचा अर्ज पाहिला होता, हे मला माहीत आहे, कारण तो मीच पुढे ठेवला होता.

पाहुणे आले. इथं नेमकं काय तपासतात, हे त्यांना फीत कापल्यावर कळलं. त्यांचा चेहरा बदलला. "मग आधी शुद्धी नको का करायला?" ते म्हणाले. त्यांच्या गाडीत गोमूत्राची बाटली होती. साहेबांनी ताम्हन मागवलं, आंब्याची डहाळी मागवली, आणि स्वतःच्या हातानं शिंपडायला सुरुवात केली. दार, टेबलं, नवीन यंत्र, आणि मग आतली खोली. नळ्या भरायची ती खोली. तिथं सर स्वतः हातमोजे बदलल्याशिवाय जात नसत आणि पांडुरंगजींना झाडू घेऊनसुद्धा येऊ देत नसत. त्या खोलीत साहेब, पाहुणे, त्यांचे फोटोग्राफर असे अकरा जण शिरले. कोपरान् कोपरा पवित्र झाला. ताम्हन माझ्या हातात होतं. हेही लिहायला हवं.

त्याच आठवड्यात राजापेठेतून एक नमुना आला. शोभाताई म्हणून एक विधवा बाई तिथं मटणाची खानावळ चालवत. सहा टेबलं, बाहेर पाटी, ट्यूशन क्लासची पोरं हे रोजचं गिऱ्हाईक. पलीकडच्या गल्लीत नवीन हॉटेल निघालं, आणि त्यानंतर महिन्याभरात कुणाच्या तरी मोबाइलवरून सगळ्यांच्या मोबाइलवर आलं, की ताईच्या मटणात भलतंच मिसळलेलं असतं. खानावळीला सील लागलं. ताईला आणि मटण देणाऱ्या हसनभाईला पोलीस ठाण्यात दोन दिवस बसवून ठेवलं आणि अहवाल येईपर्यंत गाव न सोडण्याची तंबी दिली. अहवालात गाय आली, की दोघांवर गुन्हा. आणि खानावळीच्या काचांवर दगड, तो अहवालाची वाट बघत नाही.

सरांनी त्या खानावळीचं पाणीही प्यालेलं नव्हतं. तिच्यावरून जाताना ते नाकाला रुमाल लावून रस्ता ओलांडत. वर्षानुवर्षं.

सोमवारी सरांनी नवीन यंत्रावर पहिली रांग लावली. फोटो आला. आम्ही झुकलो. ताईच्या तर्रीत बकरा होताच, पण गाईची रेघही लख्ख होती. साहेब मागेच उभे होते. "झालं!" ते म्हणाले आणि मोबाइल काढून बाहेर गेले. बाहेर एक बातमीदार चहा पीत होता.

सर फोटोच्या शेवटच्या टोकाकडे बघत होते. पाण्याच्या नळीत गाय चमकत होती.

मग त्यांनी बाकीचे नमुने पाहिले. एक कोंबडीचं सॉसेज होतं, त्यात गाय. एक गोठवलेल्या झिंग्यांचं पाकीट होतं, त्यात गाय. त्या दिवशी आमच्या प्रयोगशाळेत कोंबडी गाय निघाली, झिंगा गाय निघाला, आणि नळीतलं नुसतं पाणीही गाय निघालं. सरांनी ओले बोळे घेतले आणि जिथं तिथं पुसून त्यांचीही तपासणी लावली. यंत्राचं झाकण, दाराची मूठ, टेबल, साहेबांची खुर्ची. संध्याकाळी सगळीकडून गाय आली. भिंतीवर आम्हाला मिळालेलं उत्तम दर्जाचं प्रमाणपत्र होतं. त्याच्या काचेवरूनही गाय आली.

"मी कोर्टात होतो त्या दिवशी इथं काय झालं?" सरांनी विचारलं.

मी सांगितलं.

"ताम्हन कोणाच्या हातात होतं?"

"माझ्या."

त्यांनी हातमोजे उतरवून टोपलीत टाकले. मग म्हणाले, "उद्या घरून ब्लीचिंग पावडर आणा. दोन किलो."

दुसऱ्या दिवशीच्या पेपरात 'प्राथमिक तपासणीत' गाय आल्याची बातमी होती. तो पेपर घेऊन शोभाताई अकोल्याला आल्या आणि आमच्या व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या. सर कोणत्याही पक्षकाराला भेटत नसत. त्यांना मी सांगितलं, तेव्हा ते मान वर न करता म्हणाले, "त्यायले म्हणा, मी भेटत नाही. अन् म्हणा, तिथी ऊन येते, पंख्याखालच्या बाकावर बसा."

ताई पंख्याखाली बसल्या. जाताना मला एवढंच म्हणाल्या, "भाऊ, माहं काय चुकलं ते तरी कोणी सांगा. मी घरी जे खातो तेच लोकायले वाढतो."

साहेबांनी सरांना खोलीत बोलावलं. टाइप करायला मी होतोच.

"गावंडे, अहवालात ताईच्या नमुन्याचा निकाल लिहायचा. पाण्याचा अहवाल मागितलाय कुणी?"

"पाण्यानंच सांगतलं ना सर, का बाकीचे खोटं बोलून राहिले."

"अहो, बातमी बाहेर गेलीय!"

"ते गाय मटणातली नव्हती, सर. बातमीले मी काय करू?"

साहेब नरमले. "बरं. चाचणी रद्द म्हणा. पण कारण काय लिहाल?"

सरांनी मला सांगितलं, लिहा: 'प्रयोगशाळेत गाईचा अंश बाहेरून आल्यामुळे.'

"बाहेरून म्हणजे कुठून?" साहेब ओरडले. "उद्या कुणी विचारलं तर?"

"ताम्हनातून," सर म्हणाले. "विचारलं त सांगीन. नाही विचारलं त नाही सांगत."

साहेबांनी आवाज खाली आणला. "तुमचे निवृत्तीचे कागद माझ्याच सहीनं जायचेत, गावंडे."

"हो ना. म्हणूनच म्हणतो, सही ज्याच्यावर करता ते वाचत जा."

मी टाइप करताना मान खाली घातली होती, ते बरंच झालं.

पुढचे चार दिवस सर स्वतः ती खोली धूत होते. साठीला आलेला माणूस गुडघ्यावर बसून फरशीच्या फटी ब्रशनं घासत होता. पांडुरंगजी म्हणाले, "सर, उठा ना, मी करतो. काहून आमाले लाज आणून राहिले?" सरांनी त्यांना दुसरा ब्रश दिला, पण स्वतः उठले नाहीत. उघडलेली सगळी रसायनं फेकली. मग जुन्या कागदपत्रांची एक कोठडी रिकामी केली, कारण तिच्याकडे पाहुण्यांचं लक्ष गेलं नव्हतं आणि म्हणून ती अजून अपवित्र, म्हणजे स्वच्छ होती. तिथं जुनं जात्यासारखं यंत्र लावलं. प्रत्येक नमुन्याचा अर्धा भाग ते न उघडता, मोहरबंद शीतपेटीत ठेवत असत. ताईच्या तर्रीचा तो अर्धा भाग पंचांसमोर उघडला. तीनदा तपासला. तिन्ही वेळा पाणी गप्प राहिलं, आणि तिन्ही वेळा एकच रेघ आली. बकरा.

अहवाल गेला. साहेबांनी सही केली. वाचून केली की नाही, माहीत नाही. सील निघालं, हसनभाईची तंबी उठली. पण पेपरात जी बातमी पहिल्या पानावर आली होती, तिचा शेवट कोणत्याच पानावर आला नाही. शोभाताईंनी अहवालाची प्रत लॅमिनेट करून गल्ल्यामागे लावली. ती वाचायला आत यावं लागे, आणि आत कुणी येत नव्हतं. पोरं समोरच्या फुटपाथवरून जात, पलीकडच्या हॉटेलात शिरत. सहापैकी चार टेबलं ताईंनी विकायला काढली.

हे सरांना मीच गाडीत सांगितलं. ते म्हणाले, "अहवालात जे आहे ते आहे."

"लोक अहवाल वाचत नाहीत, सर."

"मंग काय वाचते?"

"काय वाचणार? कोण जेवायला बसलंय ते बघतात."



त्यांचा निरोप समारंभ झाला नाही. साहेब दौऱ्यावर होते. पांडुरंगजींनी एक नारळ आणला होता. सरांनी तो प्रयोगशाळेच्या बाहेर, गेटाजवळ फोडायला लावला.

निवृत्तीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी राजापेठेतून स्कूटरवर चाललो होतो. खानावळीच्या अगदी दारातल्या टेबलावर, रस्त्याकडे तोंड करून, सर बसले होते. ताठ. कपाळावर तीन आठ्या. मी स्कूटर लावून आत गेलो. त्यांच्या ताटात भाकर, कांदा, ठेचा आणि वाटीत वरण होतं. ताई मागे उभ्या होत्या, त्यांना काय करावं सुचत नव्हतं.

"सर, तुम्ही इथं?"

"भाकर चांगली करते बाई."

"वास येत नाही?"

"येते ना," सर म्हणाले. "तुमी बाजूले सरका. रस्त्यावरून दिसलं पायजे."

त्यानंतर ते रोज येत. तेच टेबल, तीच वेळ, क्लास सुटायची. आधी लोक थांबून बघू लागले. प्रयोगशाळेतला माणूस, ज्यानं ते मटण तपासलं, तोच तिथं जेवतो, हे गल्लीभर झालं. मग दोन पोरं आली. मग त्यांचे मित्र. दोन महिन्यांत ताईंनी विकायला काढलेली टेबलं परत आत घेतली.

पण गल्लीत एक गोष्ट सुटी जात नाही. गावंडे सर म्हातारपणी मटणाला लागले, हेही झालं. चांदूर बाजारला भावकीत ते पोहोचलं. त्यांचे थोरले भाऊ अमरावतीला येऊन घरी न उतरता परत गेले. एका लग्नात सरांची पंगत वेगळी बसवली. मी चिडून म्हणालो, "सर, सांगून टाका ना एकदा, की भाकर आणि ठेचा खातो म्हणून."

"कोण म्हणते?" सर म्हणाले.

"तुम्ही म्हणा!"

"मी त जेवून राहिलो. माहं कोण ऐकीन?" ते पहिल्यांदाच थोडे हसले. "अन् सांगतलं, का इथं बसून मी मटण खात नाही, त मंग बाईच्या मटणाचं काय होईन?"

पुढे माझी बदली झाली. शोकसभेच्या साधारण वर्षभर आधी मी अमरावतीला आलो होतो, तेव्हा रिक्षातून त्यांना शेवटचं पाहिलं. खानावळ भरलेली होती, बाहेर पोरं नंबर लावून उभी होती. दारातल्या टेबलावर सर एकटेच होते. ती खुर्ची कुणाला द्यायची नाही, असा ताईंचा दंडक होता. समोर भाकर, वरण, कांदा. आणि ताटाच्या कडेला एक स्टीलची वाटी, स्वच्छ घासलेली, तिच्यात नुसतं पाणी. सर जेवायला सुरुवात करायच्या आधी तिच्यात वाकून बघत होते.

सिग्नल सुटला. रिक्षा पुढे गेली. मागं वळून पाहिलं, तेव्हा त्यांनी पहिला घास मोडला होता.